अमेरिकेची बाटली आणि थोरला जावई

साडू हे नातं देवाने माणसाला जळता यावं म्हणूनच निर्माण केलं असावं. भावाशी भांडता येतं, मेहुण्याची टिंगल करता येते, साडूशी मात्र गोडच बोलावं लागतं. माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, अमेरिकेत कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. नेमकं काय करतो ते मी कधी विचारलं नाही. मुद्दामच.

मी स्वतः एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होतो. मळीपासून स्पिरिट निघायचं, आणि त्याचा वास घेऊन ते पास की नापास हे मी ठरवायचो. तपासायला यंत्रं होती, पण शेवटचा शब्द नाकाचा. ह्या नाकाची कीर्ती तलवाड्यापर्यंत, म्हणजे माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचली होती. सासरे कारखान्याचे संचालक. त्यांना कुणी कसलीही बाटली दिली तरी ते म्हणायचे, "थोरलं पाव्हणं येऊ द्या, मग उघडू." मी चांगली म्हटलं तर चांगली, मी नाक मुरडलं की ती बाटली कपाटाच्या तळाला जायची. मला ना जमीन, ना मोठा हुद्दा. त्या घरात माझा मान एवढाच, आणि तो मला पुरायचा.

मग पाऊस रुसला. एक साल गेलं, दुसरंही तसंच गेलं. उभा ऊस चारा म्हणून छावणीतल्या जनावरांपुढे पडला, कारखाना बंद झाला, आणि मळीच नाही म्हटल्यावर डिस्टिलरी कशाची चालणार? मी घरी बसलो. पूर्वी बायको "अहो, जरा भाजी आणता का?" म्हणून विचारायची. आता नुसती पिशवी पुढे करायची.

त्या दुसऱ्या सालच्या आखाडात सासऱ्यांनी दोन्ही जावयांना मटण खायला बोलावलं. साडूला विमानतळावरून आणायला जीप गेली होती. आम्ही गेवराईहून काळीपिवळीत कोंबून आलो. मळ्यातल्या पत्र्याच्या शेडपुढे बाजा टाकल्या होत्या. कलेजीची ताटली दरवर्षी आधी माझ्यापुढे यायची, ती त्या दिवशी साडूपुढे गेली. कलेजीवरून काय जळायचं, असं कुणी म्हणेल. त्याने जावई होऊन बघावं.

दिवस कलल्यावर साडूने लाकडी पेटीतून बाटली काढली. बर्बन. मक्याची व्हिस्की, आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात पंधरा वर्षं मुरवलेली. पिंपं मोजकीच भरलेली, त्यामुळे बाटल्याही मोजक्या, आणि प्रत्येकीवर हाताने लिहिलेला नंबर.

"दरवर्षी थोडी थोडी हवेत उडून जाते," साडू म्हणाला. "शेवटी पिंपात निम्मीसुद्धा उरत नाही."

"आपल्या तलावावानीच की," माझा मेहुणा म्हणाला, आणि सगळे हसले.

मीही हसलो, पण माझं पोट दुखत होतं. मका इकडे गुरांना पुरत नव्हता, आणि तिकडे तो पिंपात घालून पंधरा वर्षं विसरता येत होता. पडून राहिली म्हणून हिचा भाव वाढला. मीही कारखाना बंद झाल्यापासून पडूनच होतो. एका बाटलीचा हेवा वाटावा, ह्याची मला त्या क्षणी लाजसुद्धा वाटली नाही.

सासऱ्यांनी सवयीने पहिला ग्लास माझ्याकडे सरकवला. "बघा, पाव्हणं."

माझा जीव भांड्यात पडला. मी मनाशी ठरवलं, हिच्यात खोट काढायचीच. थोडी व्हिस्की तळहातावर ओतली आणि दोन्ही हात चोळले. डिस्टिलरीत आम्ही असंच करायचो; वरचा उग्र वास उडून जातो आणि खरं काय ते हाताला राहतं.

"दाजी, हात कावून धुतावं?" मेहुणा ओरडला. "टँकर येणार हाय की उद्या!"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. ओंजळ नाकाशी धरली. आधी भाजलेलं कणीस आलं, मागून काकवी, मग जुन्या लाकडी कपाटातल्यासारखा कोरडा वास. कच्चेपणा हुडकला, सापडला नाही. मग घोट घेतला. जिभेच्या टोकाला कडवट लागलं आणि मी मनात टाळी वाजवली: लाकूड जास्त उतरलंय! पण ते कडूपण थांबेचना, हळूहळू भाजक्या खारकेसारखं गोड होत घशाखाली गेलं. पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा बघितलं. व्हिस्की आणखीच खुलली. मेली कुठेच चुकत नव्हती.

वर पाहिलं तर सगळ्यांचे ग्लास अर्धे झाले होते. पूर्वी मी वास घेत असताना कुणी ग्लासाला बोट लावत नसे.

वाईट आहे म्हणावं, असं ओठापर्यंत आलं होतं. पण आयुष्यभर ज्या नाकाचं खाल्लं, त्याला साडूपायी खोटं पाडवेना. मी म्हणालो, "मामा, एक नंबर हाय. ह्याच्याहून चांगली मी तरी घेतलेली न्हाई."

"ते बाटलीवरच छापलंय की, पाव्हणं," सासरे म्हणाले, आणि त्यांनी साडूला पावसाचं विचारलं, अमेरिकेतल्या.

मी ग्लासात बघत बसलो. जरा वेळाने शेजारी बाज करकरली. साडू येऊन बसला होता.

"साडूभाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "मला हिच्यात नुसती जळजळ लागते. तिकडे कुणाला तसं सांगायची सोय नाही. तुम्हाला काय काय लागलं, सांगाल का? तुम्हीच सांगाल म्हणून तर बाटली इतक्या लांब आणली."

मग मी सांगायला लागलो. आधी कणीस, मग काकवी, मग लाकूड. तो एकेक शब्दागणिक ग्लास नाकाशी नेत होता आणि एखादी गोष्ट सापडली की मान हलवत होता. सगळं त्याच्याकडेच होतं. निदान मनाचा मोठेपणा तरी देवाने माझ्या वाट्याला ठेवायला हवा होता. तोही त्याच्याकडेच निघाला. मी त्याला नीट, मन लावून समजावत राहिलो, आणि त्या संध्याकाळी त्याच्यावर जेवढा जळलो तेवढा पूर्वी कधीच जळलो नव्हतो.