टर्कीच्या मादीचा आवाज

मला टर्कीच्या मादीचा आवाज काढता येतो. नोकरीच्या अर्जात मी हे लिहीत नाही.

ही विद्या मी अकरावीत असताना, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, एका शुक्रवारी मिळवली. आम्ही कामतघरला पाटीलकाकूंच्या चाळीत भाड्याने राहायचो. काकूंच्या अंगणात टर्कीची जोडी होती. नराचं नाव शेठ. (चालणंच तसं होतं.) काकू दोन दिवस लेकीकडे पडघ्याला निघाल्या तेव्हा बाबांना म्हणाल्या, "भाऊ, शेठवर ध्यान ठेवा हां. पोटच्या पोरासारखा हाय माजा." बाबांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

पाणी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुराड्यात पाणी ठेवत होते, तेवढ्यात फाटकातून कोणी पाहुणे येताना दिसले. अनोळखी माणसांशी मी बोलत नसे. (ओळखीच्यांशीही बेतानेच.) मी तशीच घरात पळाले. जाळीची कडी लावायची राहिली. पाहुण्यांना शेजारची चाळ हवी होती, ते निघून गेले. शेठही निघून गेला.

"संध्याकाळी वहिनी येतील," बाबा म्हणाले. मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "तू काही बोलू नकोस. वाऱ्याने कडी निघाली, असं सांगेन मी."

बाबांना खोटं जमत नाही. बोलायला गेले की त्यांचे कान लाल होतात. माझ्यापायी ते कान लाल करायला निघाले होते! काही करून काकू यायच्या आत शेठ घरी हवा होता.

मी हस्ताक्षरासाठी बक्षीस मिळालेलं प्राण्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की, अमेरिकेत रानटर्कीचे शिकारी झुडपात लपून मादीचा आवाज काढतात आणि नर आपणहून चालत येतो.

"मग काढ की," आई म्हणाली.

"मला येत नाही."

"दहा वर्षं इंग्रजी शाळेत घातलं, आणि इंग्रजी कोंबडीचं बोलणं येत नाही?"

शेठाणी खुराड्यात अंड्यांवर बसली होती. तिला हलवायची सोय नव्हती, म्हणून मीच तिच्यासमोर बसून शिकवणी घेतली. मी जवळ सरकले की ती फुगायची आणि म्हणायची, "फुस्स्स! टक् टक्!" तासाभरात मला ते हुबेहूब जमलं.

चाळीमागे गोदामापर्यंत गवत माजलं होतं, आणि शेठ त्यातच कुठेतरी होता. इतर दिवशी शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात मी हंबरडा फोडला असता तरी कोणाला कळलं नसतं. पण शुक्रवारी लूम बंद. गवतातला किडासुद्धा ऐकू येत होता, आणि सुट्टीवरचे वीसेक कामगार खाटा टाकून ऐकायला मोकळेच होते.

मी गवतात उकिडवी बसले, बाबा मागे उभे राहिले. "फुस्स्स! टक् टक्!"

पन्नास पावलांवर शेठची मान वर आली. त्याने नीट ऐकून घेतलं. आणि तो उलट्या दिशेला जीव घेऊन पळाला!

मी पुन्हा तेच केलं. तो आणखी जोरात पळाला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंड्यांवर बसलेल्या मादीकडून मी एकच वाक्य शिकले होते: जवळ आलास तर बघ.

खाटेवरून रहीमचाचा उठले. (लूमवरचे जुने कारागीर, शायरीचे शौकीन.)

"बेटी, ऐसे तो हमारी बीवी बुलाती है. कौन आएगा? आवाज़ में ज़रा दर्द लाओ."

"कसला दर्द?" बाबांनी विचारलं.

"जुदाई का, भाईसाब!"

वीस माणसं जुदाईची वाट बघत खाटांवर पुढे सरकली. मला दर्द आणावा लागला नाही. एवढ्या लोकांसमोर गवतात बसून कोंबडी व्हायचं, या विचारानेच रडू व शिंक यांच्या मधलं काहीतरी बाहेर पडलं, "क्याँव्... क्याँव्... क्याँक्!"

"वाह! मुकर्रर!" खाटांवरून दाद आली. (मुकर्रर म्हणजे पुन्हा एकदा.)

गोदामापलीकडून उत्तर आलं, "गुळुगुळुगुळु!"

त्यानंतर मी निदान चाळीस वेळा मुकर्रर केलं. शेठ आला. पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत माझ्याभोवती फेऱ्या मारू लागला. बाबा त्याला धरायला पुढे झाले, तर त्याने बाबांना प्रतिस्पर्धी समजून थेट रहीमचाचांच्या खाटेवर चढवलं. कामगार टाळ्या वाजवू लागले. आणि ऐन त्याच वेळी, संध्याकाळची वाट न बघता, पाटीलकाकू रिक्षातून उतरल्या.

"भाऊ, ह्यो भायेर कसा? कडी कोनी उघडी टाकली?"

खाटेवर उभ्या बाबांचे कान लाल होऊ लागले. "त्याचं काय झालं वहिनी, वारा..."

गवताची काडी हलत नव्हती. मी उठले. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत आपणहून बोलायचं ठरवलं. 'काकू, चूक माझी आहे.' चारच शब्द. स्वतःकडे बोट दाखवून मी तोंड उघडलं. पण ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

"क्याँव्!"

"गुळुगुळुगुळु!" म्हणत शेठने पिसारा पुन्हा उघडला आणि नाच पहिल्यापासून सुरू केला.

काकूंनी माझ्या बोटाकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

"समजला गो, समजला. तूच टाकलीस. पन आता गप ऱ्हा बाय, न्हायतर ह्यो काय घरात यायचा न्हाय!"

मला गप्प बसायला सांगण्याची वेळ कोणावर आली, ती आजवर तेवढीच.