पहले खाली देखो

आमची पहिली गाडी जुनी, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. ‘इंजिन मक्खन आहे,’ असं मीच घरभर सांगितलं होतं. वर्षभरात ते मक्खन दोनदा उघडावं लागलं. मग बायकोने बजावलं, “पुन्हा इंजिन उघडलं, तर गाडी विकायची.” मी कबूल झालो, पण गाडीत जीव अडकला होता.

एकदा भेडाघाटहून परतताना ती बंद पडली. आमच्या गढा मोहल्ल्यातून नेहमीचा मिस्त्री बोलावला. त्याने दोन-तीनदा चावी फिरवली, कान लावला आणि मान हलवली. “भाईसाहब, इंजन खोलना पड़ेगा.”

माझा चेहरा पडला. बायको मूळची सांगलीची, हिंदी नवीकोरी. गाडीखाली तेल ठिबकतंय की काय, अशी तिला शंका. ती म्हणाली, “भैया, पहले खाली तो देखो!”

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मिस्त्रीने टाकीचं झाकण काढून काडी आत सोडली. ती कोरडी ठणठणीत वर आली.

“काटा तर अर्धी टाकी दाखवून राहिला!” मी म्हणालो.

“अहो, तो काटा कधी हलताना पाहिलाय का तुम्ही?”

पाहिला नव्हता. उलट, आपण पेट्रोल किती पुरवून वापरतो, याचं मला कौतुक वाटे.

मिस्त्रीच्या स्कूटरमधलं पेट्रोल ओतलं आणि गाडी सुरू झाली. पुढे कितीतरी वर्षं तिने आम्हाला नर्मदेकाठी हिंडवलं. आता बायको फर्डी हिंदी बोलते आणि सांगते, “मला टाकीच म्हणायची होती.” मी वाद घालत नाही. गाडी विकायची आयती संधी असताना तिनेच ती वाचवली.