दहा कमानी
चेंबूरच्या एका कॉलेजात इरावती जीवशास्त्र शिकवायची. लोकांच्या बोटांचे ठसे गोळा करायचा तिला वीस वर्षांचा नाद. शंभर बोटांत साठ-पासष्ट शंख, तीस-एक चक्रं, आणि उरलेल्या चार-पाच बोटांवर साधी कमान, हे प्रमाण तिला तोंडपाठ होतं. दहाही बोटांवर कमान असलेलं माणूस मात्र तिला कधी भेटलं नव्हतं.

ते भेटलं ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात. पुतळाबाई, सत्तरीची मासळीवाली, कॉलेजच्या पाहणीतली शंभरावी आणि शेवटची. इरावतीने तिच्या कमानी दोनदा मोजल्या आणि हजारो माणसांत असं एखादंच निघतं, असं तिला सांगितलं.

पुतळाबाई बोटांची शाई पुसत होती. "माझ्या जुळ्या बहिणीची पन अशीच होती, बाय. जयंतीची."

जयंती सोळाव्या वर्षी खाडीत कालवं काढायला गेली, ती आलीच नाही. प्रेतही मिळालं नाही. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. इरावती कागद पिशवीत घालून निघाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी तिने कागद मोजले, तर एकशे एक भरले. पुतळाबाईच्या कागदाखाली आणखी एक होता, बिननावाचा. त्यावरही दहा कमानी. आपण चुकून दोनदा ठसे घेतले असतील, असं वाटून तिने भिंगाखाली दोन्ही शेजारी धरले. पुतळाबाईच्या रेषा झिजलेल्या, अंगठ्यावर कोयत्याचा जुना आडवा वण. दुसऱ्या कागदावर वण नव्हता. रेषा बारीक, दाट, स्वच्छ, कोवळ्या पोरीच्या असाव्यात तशा. कोळीवाड्यात तिने एकाही पोरीचे ठसे घेतले नव्हते. आणि त्या कागदावरची शाई अजून ओली होती.

संध्याकाळ व्हायच्या आत ती तो बिननावाचा कागद घेऊन पुतळाबाईकडे गेली. पुतळाबाई दचकली नाही. तिने एकेका ठशावर आपलं एकेक बोट टेकवलं.

"गार लागतंय," ती म्हणाली. मग तिने खाली नाव लिहायला सांगितलं. इरावतीने कसंबसं 'जयंती' लिहिलं.

कॉलेजला तिने शंभरच जणांचे आकडे दिले. पुढे कुणाचे ठसे घेतले नाहीत. पुतळाबाई मात्र तेव्हापासून खाडीकडचं दार लोटूनच ठेवते, कडी लावत नाही. इरावतीने एकदा भीतभीत कारण विचारलं.

"तिला घर सापडलंय ना आता," पुतळाबाई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.