नईमला दिलेली दोन वर्षं

एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आमच्या फुटबॉल क्लबच्या खोलीत, सगळी कमिटी बसलेली असताना, मी नईमबद्दल खोटं बोललो होतो. त्याच्या समोर बसून. आणि त्यानंतरही त्याच्याशी दोस्ती ठेवली, दर ईदला अकोल्याला जाऊन त्याच्या घरचा शीरखुर्मा खाल्ला, त्याच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना पाणी दिलं... जणू काही झालंच नव्हतं.

मागच्या महिन्यात सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात त्याच्या मुलाचा, इरफानचा फोन आला. "चाचा, अब्बू गेले." एवढंच बोलला. क्लबातले आम्ही चौघं गाडी करून अमरावतीहून निघालो. माती देऊन परत येताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तेव्हा प्रल्हाद, आमचा जुना गोलकीपर, हळहळत म्हणाला, "मानूस लाख होता हो नईमभाई. पन ते दोन वर्षाच्या शब्दाचं खोटं काहून बोलला असंल?" दुसरा म्हणाला, "टीम हरली का कोच काहीबी बोलते." कोणाच्या मनात वाईट नव्हतं. गेलेल्या माणसाची एक चूक माफ करावी, तशा सुरात ते बोलत होते. मी बिस्किट चहात बुडवून बसलो होतो, ते विरघळून तळाशी गेलं, तरी मी मान वर केली नाही. नईमला कबरीत ठेवून दोन तास झाले नव्हते आणि मी दुसऱ्यांदा त्याला खोटा ठरू दिलं.

नईम अकोल्याचा. टेलरिंगचं दुकान त्याच्या वडिलांचं, मग त्याचं. तरुणपणी आम्ही एकमेकांविरुद्ध खेळलो. मी अमरावतीचा फॉरवर्ड, तो अकोल्याचा बॅक. पहिल्याच मॅचमध्ये त्यानं मला असा आडवा केला की माझी चड्डी शिवणीवर फाटली. मॅच संपल्यावर हा बाबा सुईदोरा घेऊन हजर. "काढ बे, टाका मारून देतो. फाडली मीनंच, शिवतोबी मीच." टॉवेल गुंडाळून मी बसलो आणि त्यानं तिथल्या तिथे शिवून दिली. दोस्ती तिथून. पुढे खेळणं सुटलं. मी बियाण्या-खतांचं दुकान टाकलं आणि क्लबचा सेक्रेटरी झालो, तो दुकान सांभाळून अकोल्यातल्या एका शाळेची टीम तयार करू लागला. ती पोरं खेळताना पाहिली की जाणवायचं, यांना कोणीतरी घाई न करता शिकवलं आहे.

आमचा क्लब त्या काळात सगळीकडे मार खात होता. शेजारच्या छोट्या वलगावच्या पोरांनीही आम्हाला आमच्याच मैदानावर हरवलं. तेव्हा सगळ्यांना वाटतं तेच मला वाटलं, की कोच बदलला की टीम बदलेल. मी नईमला बोलावलं. तो आला, मैदानाच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही बसलो. तो म्हणाला, "येतो. पन मले अकोल्याची शाळा सोडा लागते, रोज दोन्हीकडे होत नाही. दोन वर्ष कोनी हात लावू नये. मंग तू काढून टाक, मी हसत जाईन." मी म्हटलं, "दिली दोन वर्षं." तो म्हणाला, "लिहून देतं का?" मला राग आला. आमच्या क्लबात लेखी काही नसतं, कधी नव्हतं. ज्यानं शब्द द्यायचा त्यानं आपल्या कपातला अर्धा चहा समोरच्याच्या बशीत ओतायचा, त्यानं तो प्यायचा, की ठरलं. बाहेरचा खेळाडू आणायचा असो, की उन्हाळ्यात मैदानाच्या भेगा बुजवायला कोणाचा ट्रॅक्टर घ्यायचा असो. कागद मागणारा आमच्याकडे हलक्या मनाचा समजला जातो. "आपल्यात कागद आला का आता?" असं म्हणून मी माझा चहा त्याच्या बशीत ओतला. तो हसला, फुंकर मारून प्यायला. टपरीवाला पाठमोरा भजी तळत होता. तिसरं कोणी नव्हतं.

नईम आला आणि टीम जिंकायला लागली. लागोपाठ. तिवशाची टीम हरवली त्या दिवशी फटाके फुटले, पेढे वाटले, आमचे अध्यक्ष दादासाहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सुधाकर, हिरा शोधला राजा!" माझी छाती फुगली. नईम मात्र टपरीवर शांत. म्हणाला, "हे माहं काम नाही लेका. नवा साहेब आला का हापिसात चार दिवस सारेच येळेवर येतात. पोरं मले घाबरून पळून राहिले. हा कच्चा टाका हाये. कपडा अंगावर बसते का नाही, ते पाहासाठी मारतात तसा. ओढला का निघते." मी म्हटलं, मग पक्की शिलाई मार. तो म्हणाला, "तेच तर. ते मारतानी कच्चा टाका उसवा लागते. तेव्हा तुमी घाबरू नका म्हंजे झालं."

दुसऱ्या हंगामात त्यानं खरंच उसवायला घेतलं. उंच लाथ मारून बॉल पुढे ढकलायचा नाही, जमिनीवरून एकमेकांना देत न्यायचा. ज्या मोठ्या खेळाडूंना ते पटेना, त्यांना बाहेर बसवलं आणि चौदा-पंधराची पोरं मैदानात उतरवली. ती पोरं धडपडायची, बॉल गमवायची, आम्ही हरायचो. बाहेर बसलेले रुसले. कठड्यावरून लोक ओरडू लागले, "अकोल्याचं पार्सल वापस पाठवा बे!" नईम मागे वळून त्यांना हात करायचा, "डिलिव्हरी बाकी हाये भाऊ, थांबा!" तो हसायचा. मला हसू येत नव्हतं. दादासाहेब माझ्याकडे पाहिनासे झाले होते.

हंगाम अर्धा झाला आणि बैठक बसली. दादासाहेब नईमला म्हणाले, मास्तर, आता पुरे. नईम शांतपणे म्हणाला, "मले दोन वर्षाचा शब्द हाये." खोलीत चुळबुळ झाली. दादासाहेब माझ्याकडे वळले. "सुधाकर, तुम्ही दिला होता काय शब्द? आम्हाला न विचारता?" त्या शेवटच्या तीन शब्दांत सगळं होतं. हो म्हटलं असतं तर माझं सेक्रेटरीपद त्याच दुपारी गेलं असतं. आणि मला ते पद फार आवडायचं. हार घालताना नाव पुकारायचे, कलेक्टर कचेरीत खुर्ची मिळायची... एवढंच. याहून मोठं कारण मी इतक्या वर्षांत शोधलं, सापडलं नाही. मी म्हणालो, "तसं पक्कं काही ठरलं नव्हतं."

नईमनं माझ्याकडे पाहिलं. तो भांडला असता, चार शिव्या घातल्या असत्या, टपरीवाल्याला बोलवा म्हणाला असता, तर मी कदाचित आज हे लिहीत बसलो नसतो. तो उठला, शिट्टी टेबलावर ठेवली आणि दादासाहेबांना म्हणाला, "राहू द्या. सुधाकर म्हनते तसंच असंल." आणि बस स्टँडकडे निघून गेला. त्या वाक्यानं माझी खुर्ची वाचली, आणि तो अमरावतीत खोटा ठरला. अकोल्याच्या शाळेनं दुसरा माणूस ठेवला होता. तो परत मशीनवर बसला.

पुढचं आमच्या क्लबच्या जुन्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. नागपूरहून नवा कोच आला, आणि आल्या आल्या टीम जिंकू लागली. पुन्हा पेढे. चार महिन्यांनी पुन्हा हार. पण हळूहळू नईमची ती पोरं मोठी झाली, आणि मग जे घडलं ते टिकलं. ओळीनं जिंकलो. बॉल जमिनीवरून असा सरकायचा की धारणीकडून सामना बघायला आलेले लोकही वा म्हणायचे. नवा कोच शहाणा, त्यानं त्या पोरांना फार हात लावला नाही. सत्कार झाला, माईक माझ्या हातात. मी म्हणालो, नव्या नेतृत्वानं क्लबचा कायापालट केला. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत नईम उभा होता. अकोल्याहून पोरांची मॅच बघायला मुद्दाम आला होता. तोही टाळ्या वाजवत होता. नंतर गाठून मला म्हणाला, "पोरं काय खेळून राहिले रे! पाह्यलं ना?" मी हो म्हणालो. त्यानंही कधी विषय काढला नाही, मीही नाही. त्याच्या न बोलण्यावर मी माझी सोय करून घेतली.

शेवटचा भेटलो तो दिवाळीनंतर. दुकानामागच्या खोलीत तो पडून होता, उशाशी झाकलेलं मशीन. खूप वाळला होता, पण जीभ तशीच. दादासाहेबांनंतर क्लबचा अध्यक्ष मी झालो होतो. "काय अध्यक्षसाहेब! नवा कोच आनला म्हने?" मी म्हटलं, हो, यवतमाळचा आहे. "किती दिवस दिले त्याले?" मी म्हटलं, दोन वर्षं. "कशावर? बशीवर?" आणि तो हसला, खोकला येईपर्यंत हसला. "त्याले कागदावर दे लेका." भाभी चहा ठेवून आत गेल्या. मी सगळा जीव गोळा करून सुरुवात केली, "नईम, त्या दिवशी बैठकीत मी..." तो म्हणाला, "चहा थंडा होऊन राहिला तुहा." आणि त्यानं आपल्या कपाखालची बशी काढून माझ्यापुढे धरली. मी माझ्या कपातला अर्धा चहा तिच्यात ओतला. तो सावकाश, फुंकर मारून प्यायला. मी कोणता शब्द देतो आहे, ते त्यानं विचारलं नाही. आम्हाला दोघांनाही ते माहीत होतं.

यवतमाळच्या कोचला मी कागदावर दिलं. सध्या टीम हरते आहे, लोक फोन करतात, मी सांगतो की दोन वर्षं कोणी हात लावायचा नाही. पण त्यानं नईमचं काही फिटत नाही. मी हे इथे लिहिलं, छापूनही येईल. पण आमच्या क्लबात कागदाला किंमत नाही, तोंडच्या शब्दाला आहे. त्याच खोलीत, प्रल्हाद आणि सगळे बसलेले असताना, इरफानला आणि भाभींना अकोल्याहून बोलावून, मला उभं राहून म्हणायचं आहे की नईम खरं बोलला होता, शब्द मी दिला होता, खोटा मी. त्या बशीत मी हाच शब्द ओतला होता, एवढं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.