लोडरांच्या छपराखालचं काळं काड

डॉर्सेटमधल्या आमच्या गावात एझ्रा ट्रेव्हेटइतकी घरं कुणी शाकारली नसतील. पण अडुसष्टाव्या वर्षी लोडरबाईंच्या छपरावर गडी असा गोंधळला की खाली उतरायचंच विसरला.

घर जुनं, दगडी, भिंती दोन हात जाड, वर गव्हाच्या काडाचं छप्पर. एझ्राचा बाप मरेपर्यंत नाकानं कांदे सोलायचा, "लोडरांचं छप्पर मी वाशापर्यंत उघडं केलं आणि कोरं चढवलं. जुन्यावर नवं घालतो तो कामचुकार!" थोरल्या लेकानं, रूबेननं, एकदा तसं घातलं, तर बापानं त्याला भर पबमध्ये कामावरून हाकललं. एझ्रानं बापाची री ओढली. छत्तीस वर्षं भावाशी बोलला नाही, आणि घरंच्या घरं उघडी करून जुनं काड जाळत राहिला.

आणि आता वरचे थर काढले, तर खाली काजळीनं काळंकुट्ट झालेलं काड! धुराडं बांधायच्या आधी घराच्या मधोमध आगटी पेटायची ना, तेव्हाचं. शेकडो वर्षांचं, काटेरी वेलींनी वाशांना बांधलेलं, जसंच्या तसं. बापानं त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"काय झालं, एझ्रा? कुजलंय का?" लोडरबाईंनी खालून विचारलं.

"नाही हो, ठणठणीत आहे. तेच तर कळत नाही!"

त्यानं पलीकडच्या उताराचं पाखं उकरलं. तिथंही काळंच. बाप खोटं बोलला? मग आपण जन्मभर जाळलं ते काय होतं? मूठभर काड घेऊन तो तडक रूबेनच्या दारात उभा राहिला.

रूबेननं काड हुंगलं. "लोडरांचं."

"तुला कसं ठाऊक?"

"वर बापाबरोबर मीच होतो की. इथवर आला आणि त्याचा हातच चालेना. म्हणाला, हे काढायची आपली लायकी नाही. रडला रे. खाली उतरून मात्र भलतंच सांगत सुटला. पुढच्या घरी मी तेच केलं, तर मला का हाकललं, ते अजून कळलेलं नाही मला."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

एझ्रानं काड परत घेतलं. रागवावं कुणावर, बापावर की स्वतःवर? तो म्हणाला, "उद्या येशील माझ्याबरोबर वर?"

"गुडघे गेले रे माझे," रूबेन म्हणाला. "आता शिडी चढवत नाही."