दारापर्यंतचं घर

आमच्या धाकट्या भावाचा धंदा म्हणजे न बांधलेली घरं दाखवायची. लोक जमीन घेतात आणि हा कम्प्युटरवर त्यांना भिंती, खिडक्या, जिने काढून देतो. त्याचं ऑफिस बंद पडल्यापासून आमच्या पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात तो आणि दुसऱ्यात माझं शिलाई मशीन. पन्नाशीला टेकला तरी मापं माझ्याच टेपने घेतो आणि टेप परत म्हणून देत नाही.

कायमचं गिऱ्हाईक म्हणून एकच बिल्डर उरला होता. तो म्हणाला, नुसती चित्रं पुरे झाली, आता फिल्म हवी. माणसाला फाटकातून आत न्यायचं आणि सगळं घर फिरवून आणायचं. महिनाअखेरीस दिलीस, तर माझ्या नव्या कॉलनीतल्या तीसही बंगल्यांचं काम तुझं. कम्प्युटरच्या आतलं, चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड जुनं, त्यावर ती फिल्म निघता निघता वर्ष सरलं असतं.

कार्ड बदलायचं ठरलं आणि घराचा छळ सुरू झाला. होते तेवढ्या पैशांत एक तर नवं, लहान, वॉरंटीचं कार्ड येत होतं, नाहीतर कोणीतरी वापरून विकायला काढलेलं मोठं. कम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, लहान घ्या, आहे त्या कम्प्युटरवर निमूट चालेल, काम जरा सावकाश होईल इतकंच. धाकटा सकाळी लहान ठरवायचा, संध्याकाळी मोठं. जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच. तीन आठवडे हे पुराण ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "जन्मभर दुसऱ्यांचे आखूड कपडे घातलेस. एकदा तरी मापाचं घे."

त्याने मोठं घेतलं. विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं, माल परत घेणार नाही. धाकट्याने कम्प्युटरचं कॅबिनेट आतून टेपने मोजलं होतं, आणि कार्ड असं चपखल बसलं की मध्ये दोरा गेला नसता. फिल्म निघायला लागली. फाटक उघडलं, पायवाट आली, तीन पायऱ्या, दार. दार उघडून आतले दिवे, काचा, सावल्या सुरू झाल्या की खट्, कम्प्युटर बंद. पुन्हा लावला, पुन्हा दाराशीच खट्.

मला वाटलं, घरातली वीज कमी पडतेय. फ्रीज बंद केला, पंखे बंद केले, माझं मशीन अर्ध्या बाहीवर थांबवलं. बिनपंख्याच्या खोलीत आम्ही दोघं घामाघूम होऊन पडद्याकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात दुरुस्तीवाला आला. हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "ताई, घरात वीज भरपूर आहे. कम्प्युटरच्या आत ती पुरवणारा डबा लहान पडतोय. एवढ्या कार्डाला मोठा डबा लागतो."

तीस वर्षं मी बायकांना सांगत आलेय, भारी कापड घेण्याआधी अस्तराचे पैसे बाजूला काढा. घरात मात्र दिव्याखाली अंधार. डब्यापुरते पैसे ना त्याच्याकडे होते, ना माझ्याकडे. दोन गिऱ्हाइकांकडे मी शिलाई आगाऊ मागून पाहिली. एकीने विषय बदलला, दुसरीने कापडच परत नेलं.

महिनाअखेरीस तो होती तेवढी फिल्म घेऊन गेला. बिल्डरने फाटक पाहिलं, पायवाट पाहिली, दार पाहिलं आणि विचारलं, "आत काय आहे?" धाकट्याने म्हणे हातवारे करून सगळ्या खोल्या समजावून सांगितल्या. काम दुसऱ्याला गेलं.

घरी येऊन त्याने जुनं कार्ड परत बसवलं. मोठं माझ्याकडच्या एका चिंधीत गुंडाळून बटणांच्या डब्यामागे ठेवलं. मी मशीनवर मान खाली घालून बसले होते. मला ओरडायचं होतं, ते स्वतःवर.

"ताई," तो म्हणाला, "मोठं कार्ड काही तुझ्या सांगण्यावरून नाही घेतलं हं मी. माझं आधीच ठरलं होतं."

मी बोलले त्याच सकाळी त्याने दुकानात फोन करून लहान कार्ड बाजूला ठेवायला सांगितलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं मी. लहानपणापासून त्याचं एक वाक्य मी खोडल्याशिवाय सोडलेलं नाही.

"हो रे," मी म्हटलं, "माहीत आहे मला."