ग्रॅनाइटचा ओटा

बिल्डरच्या माणसांनी सभेसाठी लग्नाचा हॉल घेतला होता. कुणाच्या तरी हळदीतल्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर होत्या. त्या सुकलेल्या फुलांखाली बसून आम्ही बोईसरचे लोक आपल्या बाजाराचं काय होणार ते ऐकत होतो. बाजाराची जागा आणि तिला लागून असलेली आमची जुनी इमारत, दोन्ही पाडून तिथे एकच मोठं बांधकाम होणार होतं. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट. आम्हाला त्यात नवीन घर मिळणार होतं, आत्ताच्यापेक्षा मोठं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जसा वागलो त्यात या घराचाही हात होता.

बोलणारा माणूस तरुण होता, हिंदीत बोलत होता. पडद्यावर चित्रं सरकत होती. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला उठला तो एक रिक्षावाला.

"आमचा स्टँड कुठे जाणार?"

"वो प्रपोज्ड है."

"प्रपोज्ड म्हणजे कुठल्या बाजूला?"

हॉल हसला. मग आमच्या खालच्या मजल्यावरचे काका उठले. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झालेले. "लिफ्टला जनरेटर देणार का? लाइट गेली की आम्ही म्हातारे वरच अडकायचे. खाली आणायला चार माणसं लागतील."

"काका, चार तर लागतातच शेवटी," मागून कुणीतरी म्हणालं. काकाच सगळ्यात जास्त हसले.

एका बाईंनी विचारलं, आहे त्या लोकांना पाणी पुरत नाही, मग एवढ्या फ्लॅटना कुठून आणणार? त्यावर उत्तर बरंच लांबलं, पण त्यात पाणी कुठून ते आलं नाही. भाड्याच्या खोलीत राहणारा एक कामगार उभा राहिला, "हम किरायेदार कहाँ जाएँगे?" त्याला सांगितलं, तुमच्या मालकाला विचारा. तो खाली बसला आणि थोड्या वेळाने उठून गेला, शिफ्टची बस असेल. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काही म्हणा, मासळीचा वास तरी जाईल एकदाचा." बरेच जण हसले. मीही हसलो.

मासळीवाल्या बायका त्याच हॉलमध्ये होत्या, सगळ्यात मागे, दाराशी. विक्री आटोपून सरळ आल्या होत्या. रिकाम्या पाट्या त्यांनी बाहेर चपलांजवळ ठेवल्या होत्या. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कोळणी. मी लहान असल्यापासून त्या आमच्या इमारतीच्या मागे, बाजारात, गोणपाट अंथरून जमिनीवर बसत आल्या. पालघरच्या बाजारात बायकांना ओटे आहेत, आम्ही मात्र चिखलात, हे त्यांचं जुनं दुखणं. निवडणूक आली की कुणीतरी ओटे बांधून देतो म्हणायचं. बायका त्याला "ओटेवाला आला" म्हणायच्या.

त्यांच्यातली एक मला मावशी. आई घाटावरची होती, बाबांच्या नोकरीमुळे इकडे आली, तेव्हा तिला समुद्रातला एकही मासा धड ओळखता येत नव्हता. पहिल्यांदा बोंबील आणले आणि आईने ते खळाखळा धुऊन, चोळून त्यांचा लगदा केला. दुसऱ्या दिवशी ती तक्रार घेऊन बाजारात गेली. मावशी तेव्हा नवी सून होती. ती हसत हसत आमच्या घरी आली आणि मोरीत बसून तिने आईला बोंबील कसा धरायचा, कसा दाबून ठेवायचा, ते दाखवलं. तेव्हापासून वाट्यावर दोन मासे जास्त टाकल्याशिवाय तिने आमच्या घरची पिशवी कधी बंद केली नाही. आई गेली त्या दिवशी मावशी पाटी तशीच टाकून वर आली होती. मला अजून ती "पोरा" म्हणते. म्हणायची.

त्या दिवशी तिने मला हाताने मागे बोलावलं. "पोरा, इथं बस. त्याची हिंदी पलते नुसती. आमाला सांग काय बोलतो ते."

मी जाऊन शेजारी बसलो. बायका हरकत घ्यायला आल्या होत्या. शेवटी विचारतील तेव्हा सगळ्यांनी एकदम हात वर करायचे, आणि मावशीने बोलायचं, असं दांडीत ठरवून आल्या होत्या. मावशी ओठांतल्या ओठांत वाक्य घोळवत होती.

इतक्यात तो तरुण म्हणाला, "और सबको मिलेगा ग्रेनाइट प्लेटफॉर्म, स्टील सिंक, चौबीस घंटे पानी."

"प्लेटफारम?" एक बाई म्हणाली. "म्हंजे टेसनावर बसवतात काय आपल्याला?"

"बस तू. विरार गाडी आली की उठ," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खुसखुसायला लागल्या.

"अगं, स्टेशन नाही," मी म्हणालो. "प्लॅटफॉर्म म्हणजे ओटा. ग्रॅनाइटचा ओटा."

मावशी माझ्याकडे बघत राहिली.

"ओटा? सगल्यांना?"

"सगळ्यांना म्हणतोय."

"आणि पानी?"

"पाणीपण. चोवीस तास."

मी तेच सांगत होतो जे तो बोलला होता. मग मी मान वर केली. पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं. काळ्या चकचकीत ओट्यापाशी एक बाई कपात चहा ओतत होती. तो घरांबद्दल बोलत होता. फ्लॅटमधल्या स्वयंपाकाच्या ओट्याबद्दल. आमच्या भाषेत त्यालाही ओटाच म्हणतात, आणि मी तो शब्द अशा बायकांसमोर उच्चारला होता, ज्यांना जन्मभर एकच ओटा हवा होता.

मावशीला तो पडदा दिसत नव्हता. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, आणि मधे झेंडूच्या माळांचा खांब. ती बाकीच्यांना सांगत सुटली होती. "काला ग्रॅनाइट, बरं का. पानी सोडलं की साफ." एकीने विचारलं, उंच असेल का गं? मावशी म्हणाली, "पोरा, त्यांना सांग, लई उंच नको. मला चढायला नाय होत."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. फार नाही, एक वाक्य. "थांबा, माझं चुकलं, तो घरातल्या ओट्याबद्दल बोलतोय." मी तोंडही उघडलं होतं. पण त्यांची तोंडं एवढी उजळली होती की माझं ते धाडस झालं नाही. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. पुढच्या रांगेतून बायकोने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, चेहऱ्यावर हसू होतं, आणि मला वाटलं, यांनी हरकत घेतली तर आमचं घर लांबणीवर पडेल.

"सांगतो," मी म्हणालो.

हरकत असेल त्यांनी हात वर करा, असं विचारलं तेव्हा रिक्षावाल्यांचे हात वर झाले, पाणी विचारणाऱ्या बाईंचा झाला. दांडीच्या बायकांनी हात मांडीवर ठेवले. सभा संपल्यावर मी पुढे गेलो आणि त्या माणसाला विचारलं, मासळीवाल्यांचं काय? नकाशात बाजाराच्या जागी गाड्या तळघरातल्या पार्किंगला उतरायचा उतार होता. तो लॅपटॉप मिटत म्हणाला, "उनका बाद में देखेंगे." मी मान हलवली. बाहेर आलो तेव्हा बायका पाट्या डोक्यावर घेऊन दांडीच्या टमटमसाठी निघाल्या होत्या, आणि त्यांच्या हसण्याचा आवाज वळणापर्यंत येत होता.

पुढच्या खेपेला बाजारात गेलो तर मावशीने वाट्यावर दोन नाही, मूठभर मासे जास्त टाकले. "माजा ओटेवाला आला," ती शेजारणीला म्हणाली. यावेळी त्यात टोमणा नव्हता. मी पिशवी घेतली. घरी बायकोने विचारलं, आज एवढे कसे दिले? मी म्हणालो, भरपूर आले असतील.

बरेच दिवस असे काढल्यावर एका सुट्टीच्या दिवशी मी दांडीला गेलो, तिला सांगायला म्हणूनच. ऊन चांगलं होतं, बांबूच्या वलांडीवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत होते. मावशी दारात जाळं निवडत होती. तिची सून घरातून पाणी घेऊन आली. सून कुंभवलीच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते हे मला माहीत होतं. दिवसा ती घरी कशी, म्हणून मी विचारलं.

"सोडली कंपनी," मावशी म्हणाली. "मीच बोलले, सोड. चिखलात बसायला नाय म्हनायची ती. आता ओटा हाय, नल हाय, मग काय लाज? माज्यानंतर जागा तिचीच."

सून म्हणाली, "आत्या आतापासूनच मला वाटे लावायला शिकवतात." ती हसली, आणि दाखवायला हवेतच बोटांनी एक वाटा मांडला.

मी पाणी प्यायलो. म्हणालो, "मावशी, त्या ओट्याचं अजून नक्की नाही हां. तो माणूस बहुतेक घरांमधल्या..."

"नक्की कदी कायतरी असतं का त्यांचं," ती म्हणाली. "उशीर होनार, ते म्हाइत हाय मला. होऊ दे. तू आपल्या कानांनी ऐकलंस ना?"

"ऐकलं, पण..."

"मग झालं. जेवून जा."

मी जेवलो. तिने सुनेला सोडे घालून भात करायला लावला. परत येताना रिक्षात मी स्वतःशी म्हणत होतो, की मी सांगितलं, तिनेच ऐकून घेतलं नाही. पण खरं तर ती मधे बोलली याचं मला बरं वाटलं होतं. ती मधे बोलेल अशाच जागी मी वाक्य तोडलं होतं.

मग सगळं फार पटकन झालं. आम्हाला भाडं देऊन दुसरीकडे राहायला पाठवलं. सामान हलवताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकदा खाली पाहिलं. बायका बसलेल्या होत्या, मावशी कुणाशी तरी भावावरून भांडत होती. पुढच्या आठवड्यात बाजार उठवला. तेव्हा तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. मला जाता आलं असतं, पण मी कामावर गेलो. लोकांनी सांगितलं की बायका नकाशा दाखवा म्हणत होत्या, आमचा ओटा कुठे ते दाखवा. कुठला ओटा, असं तिथला माणूस विचारत राहिला.

जागेभोवती पत्रे लागले आणि पत्र्यांवर मोठी रंगीत चित्रं. मुलं खेळताहेत, कुणी पोहतंय. आणि रस्त्याच्या बाजूला, माणसाच्या दुप्पट उंचीचं, तेच स्वयंपाकघर. काळा ओटा, चहा ओतणारी बाई.

बायका त्या चित्राखाली गटाराच्या कडेला बसायला लागल्या, कारण गिऱ्हाइकांची सवय तिथलीच. मी वाट बदलली. कामावरून येताना दुसऱ्या बाजूने घरी जायचो, लांब पडायचं. पण एक दिवस रस्ता खोदला होता आणि मला तिथूनच जावं लागलं.

मावशी गोणपाटावर बसली होती. शेजारी सून, कंपनीत बांधायची तसा तोंडाला स्कार्फ बांधून. तिने परत कामासाठी विचारलं होतं, तिच्या जागी दुसरी घेतली होती, हे मला नंतर कळलं. मी समोर उभा राहिलो. मावशीने वर पाहिलं, मग मागे वळून त्या चित्राकडे पाहिलं. एवढं मोठं चित्र मोतीबिंदूतूनही दिसत असणार.

"हाच तो," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही.

"हो."

"चांगला हाय. काला हाय."

मी म्हणालो, "मावशी, मला सभेतच कळलं होतं. त्याच वेळी." एवढं बोलायला मी इतके महिने घेतले. तिने मान डोलावली. सुनेने स्कार्फ जरा वर ओढला. मागे एक बाई घाई करत होती, बोंबलाचा वाटा केवढ्याचा म्हणून.

मावशीने पाटीतला बर्फ बाजूला केला.

"काय देऊ, साहेब? बोलून घ्या तुमी, मागं गिऱ्हाईक हाय."

मी एक वाटा मागितला. तिने मासे पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. मग तिने मागच्या बाईचा वाटा उचलला, तिच्या पिशवीत टाकला, आणि वर दोन बोंबील जास्त टाकले.